ट्यूनरचं सील

काटेसाहेब बेसूर वाजवतात, असं त्यांच्या तोंडावर आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. झालं एवढंच होतं, की कॉलनीच्या वार्षिक कार्यक्रमात तिसरं गाणं अर्ध्यावर आलेलं असताना त्यांच्या सासूबाई पहिल्या रांगेतून उठल्या, पर्स उचलली आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. आता चौऱ्याहत्तर वर्षांची बाई कार्यक्रमातून उठून गेली तर त्याला शंभर कारणं असू शकतात. पण या बाईंनी पस्तीस वर्षं शाळेत पियानो शिकवला होता, आणि बाकावर त्या दोन्ही कानांत बोटं घालून बसल्या होत्या. हे निम्म्या कॉलनीने पाहिलं.

स्टेजवर तेव्हा तीन माणसं होती. वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर ड्रम बडवत होते, आणि ड्रम बेसूर झाला तरी कळत नाही, त्यामुळे ते सुटले. उरले दोघं. गिटार वाजवून गाणारा मेहुणा, म्हणजे सासूबाईंचा मुलगा, आणि बेस गिटारवर स्वतः काटेसाहेब. मेहुण्याचं म्हणणं, माझा कान पक्का आहे. काटेसाहेबांचं म्हणणं, कानाचं काय घेऊन बसलास, कानाला प्रमाणपत्र आहे का?

प्रमाणपत्राचं खूळ उगाच नव्हतं. काटेसाहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सत्तावीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, बरोबर निघाले त्यांना सील ठोकलं आणि खोटे निघाले ते जप्त केले. ‘साहेब, काटा वडिलांच्या वेळचा आहे हो,’ म्हणून हात जोडणाऱ्या म्हाताऱ्यांचेही केले. काटा जुना आहे हे कारण नियमात बसत नाही. लोकांनी नाव काटेसाहेब पाडलं, आणि अशा माणसाचीच तार पाच-दहा कंपनांनी खोटी असू शकते, ही कल्पना त्यांना रात्रंदिवस टोचत होती.

वर्षभर हा वाद धुमसत राहिला असता, तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण सासूबाईंनी एके दिवशी जाहीर केलं की पंचाहत्तराव्या वाढदिवसाला त्या पियानो वाजवणार. एकच गाणं, सासऱ्यांच्या आवडीचं, आणि मुलगा नि जावई साथीला. सासरे गेल्यापासून सहा वर्षं त्या पियानोचं झाकण उघडलेलं नव्हतं. मुलीने झाकण पुसायला फडकं लावलं तरी म्हणायच्या, राहू दे गं. आणि आता त्या स्वतःहून बोलल्या होत्या.

“सराव मी एकटी करीन,” सासूबाई म्हणाल्या. “चुका करताना मला आजूबाजूला माणसं नकोत. तुम्ही थेट त्या दिवशी या. पण येताना सुरात या. नाहीतर मी उठेन, आणि मग पुन्हा काही बसायची नाही.”

हे ऐकून काटेसाहेबांच्या बायकोने त्याच संध्याकाळी नवऱ्याला समोर बसवलं.

“हे बघा, एक माझा नवरा, एक माझा भाऊ. दोघांपैकी एक जण बेसूर आहे. कोण ते मला ठाऊक नाही आणि ठरवायचंही नाही. पण आई सहा वर्षांनी पियानोला हात लावतेय. तिथे जर ती उठली ना, तर तुम्ही दोघं आणि तुमची ती लाकडं, एकत्रच बाहेर जाल.”

“ट्यूनर आणतो,” काटेसाहेब म्हणाले. “तार सुरात आहे की नाही, ते दिवा लावून सांगतो. पायाने दाबायचा असतो तो. पेडल. दूध का दूध, पानी का पानी.”

“आणा बाई एकदाचा.”

बायकोला वाटलं, माणूस दुकानात जाईल, डबी घेईल आणि अर्ध्या तासात परत येईल. लग्नाला तेवीस वर्षं होऊनही तिला असं वाटू शकतं, याचं खरं म्हणजे कौतुक केलं पाहिजे.

पहिला सल्ला जिन्यातच भेटला. “पेडल कशाला?” दाताचे डॉक्टर म्हणाले. “गिटारच्या डोक्याला लावायचा चिमटा मिळतो. तार हलली की लाकूड हलतं, लाकूड हललं की त्याला कळतं.” काटेसाहेबांनी चिमटा आणून लावला. शांत खोलीत तो उत्तम चालला. पण डॉक्टरांनी वर ड्रमचा सराव सुरू केला आणि इकडे काटेसाहेबांनी तारेला हातही लावलेला नसताना चिमटा एकेक सूर दाखवू लागला. शिवाय बेसची सगळ्यात जाडी तार काही केल्या त्याच्या लक्षात येईना. काटेसाहेबांनी चिमटा अविश्वसनीय साक्षीदार म्हणून बाद केला.

दुसरा सल्ला ऑफिसातल्या स्टोअरकीपरचा. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ला द्यायला ते कुठे लागतं? “साहेब, जड घ्या. पायाखालची वस्तू जड असावी. हलकी वस्तू लाथेसरशी जाते.” आणि गंमत म्हणजे सगळ्यांत उपयोगी सल्ला शेवटी हाच ठरला.

वाद्यांच्या दुकानात काटेसाहेब तीनदा गेले. दुकान एका बाईंचं होतं. पहिल्या खेपेला बाईंनी हौसेने पाच पेडलं काचेवर मांडली. “बेससाठी हवंय ना? मग एवढंच बघा, की जाडी तार पटकन पकडतो का. काहींचा दिवा त्या तारेला नुसता थरथरत राहतो.”

“बरोबर. आणि याची तपासणी कोणी केलीय?”

“कसली तपासणी?”

“हा बरोबर म्हणतो, ते बरोबर आहे हे कशावरून?”

बाई इतकी वर्षं वाद्यं विकत होत्या, पण ट्यूनरवर संशय घेणारं गिऱ्हाईक त्यांनी प्रथमच पाहिलं. “अहो, सगळे यावरच लावतात,” त्या म्हणाल्या. “सगळे चुकतही असतील,” काटेसाहेब म्हणाले, आणि पाचही पेडलांच्या मागचे नंबर वहीत उतरवून घेतले. बाईंना वाटलं, दुकानावर धाड पडलीय. त्यांनी आतून नवऱ्याला बोलावलं.

दुसऱ्या खेपेला ते स्वतःचा बेस घेऊन गेले, कारण दुसऱ्याच्या तारेवर केलेली चाचणी ग्राह्य नाही. दुकान सहाला बंद होतं, म्हणून बेस सकाळीच ऑफिसात न्यावा लागला. काळ्या लांब पेटीत काय आहे, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही, पण दुपारपर्यंत तीन फायली आपोआप निकालात निघाल्या. दुकानात बाईंनी पेडलवर पाय ठेवला आणि बेसचा आवाज एकदम बंद झाला. काटेसाहेब दचकले.

“मुद्दाम आहे,” बाई म्हणाल्या. “दाबलं की आवाज बंद. तुम्ही लावत बसलात तरी लोकांना त्रास नाही. पुन्हा दाबलं की चालू.”

ही सोय काटेसाहेबांनी घरी कौतुकाने सांगितली. बायको भाजी निवडत होती. “एका दाबण्यात बंद?” तिने विचारलं. “मग एक नाही, दोन आणा.”

तिसऱ्या खेपेला अखेर एक पेडल पसंत पडलं. लोखंडी, जड, लाथेला दाद न देणारं. जाडी तार छेडली की दिवा इकडे तिकडे न करता सरळ हिरव्यावर येऊन उभा राहायचा. मागे एक बारीक बटण होतं. “ते सोडून द्या,” बाई म्हणाल्या. “प्रमाण कुठलं धरायचं त्याचं बटण आहे. सगळं जग चारशे चाळीसवर वाजवतं. म्हणजे ए नावाचा सूर सेकंदाला चारशे चाळीस कंपनांचा. हवं तर वरखाली करता येतं, पण कोणी करत नाही. तुम्हीही करू नका.”

‘करता येतं’ हे शब्द ऐकून काटेसाहेबांनी पेडल पुन्हा काचेवर ठेवलं. प्रमाण वरखाली करता येणारं माप! म्हणजे गिऱ्हाइकाच्या देखत तागडीखाली चुंबक लावण्याचाच प्रकार. आता तर पेडल तपासल्याशिवाय वापरणं शक्यच नव्हतं.

तपासायचं कशाशी? तर ऑफिसच्या स्टोअरमध्ये प्रमाण वस्तूंचं एक कपाट होतं. त्यात प्रमाण किलो, प्रमाण मीटर, प्रमाण लिटर, आणि अगदी खालच्या कप्प्यात, मखमलीच्या डबीत, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला दोन पायांचा नादकाटा. ठोकला की ए वाजतो. तो तिथे कसा आला, हे खात्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण डबीवर खात्याचा शिक्का होता, आणि खात्याच्या शिक्क्यापुढे काटेसाहेबांची मान आपोआप खाली जात असे.

“अर्ज लागेल,” स्टोअरकीपर म्हणाला.

“अरे, माझ्याच टेबलावर नेतोय. पंधरा पावलं.”

“साहेब, हा नियम तुम्हीच काढलाय.”

काटेसाहेबांनी अर्ज लिहिला. तो मंजुरीसाठी योग्य त्या अधिकाऱ्याकडे गेला. योग्य तो अधिकारी म्हणजे काटेसाहेबच. त्यांनी तो वाचला, ‘प्रयोजन स्पष्ट करावे’ असा शेरा मारून परत पाठवला, मग प्रयोजन स्पष्ट केलं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला परवानगी दिली. हसू नका. माणूस स्वतःशीसुद्धा प्रामाणिक असतो तेव्हा वेळ लागतोच.

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर त्यांनी नादकाटा टेबलाच्या कडेवर ठोकला, कानाशी धरला आणि बेसची तार उतरवत उतरवत त्याच्याशी जुळवली. मग तीच तार पेडलला ऐकवली. दिवा हिरव्यावर येईना. पेडलच्या मते तार खाली होती. दहादा करून पाहिलं, दहाही वेळा तेच. शेवटी मागचं बटण दाबत दाबत ते आकडा खाली नेऊ लागले, तेव्हा कुठे चारशे पस्तीसवर हिरवा दिवा लागला.

आता एका बाजूला कोण कुठल्या कारखान्यातली डबी, आणि दुसऱ्या बाजूला खात्याच्या शिक्क्याचा नादकाटा. खोटं कोण, हे सांगायला काय ज्योतिषी हवा? काटेसाहेबांनी वहीत नोंद केली, ‘पेडल पाच कंपनांनी खोटे. दुरुस्त केले.’ आणि गेल्या वर्षीच्या प्रकरणाचाही निकाल आपल्याच बाजूने लागल्यासारखे घरी आले.

रविवारच्या सरावात मेहुण्याने आपल्या मोबाइलमधल्या ट्यूनरने गिटार लावली, यांनी पेडलवर बेस लावला, आणि पहिल्याच ओळीला डॉक्टरांच्या हातातली काठी थांबली. ड्रमवाल्यालाही कळावं म्हणजे बघा.

“भाऊजी, खाली आहात,” मेहुणा म्हणाला.

“मी प्रमाणावर आहे. तू वर आहेस.”

“मोबाइल चारशे चाळीस म्हणतोय!”

“मोबाइलला कोणी सील ठोकलंय?”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” मेहुणा ओरडला. “आईचा वाढदिवस चार दिवसांवर आलाय. तुमच्या हट्टापायी ती उठली ना भाऊजी, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. खरंच सांगतो.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून काटेसाहेबांनी उलट उत्तर गिळलं. फक्त म्हणाले, “उद्या रजिस्टरच दाखवतो तुला.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरकीपरला प्रमाण वस्तूंचं रजिस्टर आणायला सांगितलं. नादकाट्याचं पान निघालं. वर वर्णन, मधे डबीचा रंग, आणि तळाशी, काटेसाहेब नोकरीला लागण्याच्याही आधीच्या कोणा अधिकाऱ्याच्या बारीक अक्षरात एक ओळ. ‘जुन्या मानाचा. सूर आजच्यापेक्षा पाच कंपनांनी खाली. तपासणीस वापरू नये.’ त्या ओळीखाली वार्षिक पडताळणीच्या सह्या होत्या. ‘वाचले, तपासले, बरोबर.’ अशा अकरा सह्या, आणि अकराच्या अकरा काटेसाहेबांच्या.

स्टोअरकीपर भला माणूस. तो खिडकीबाहेर बघू लागला. काटेसाहेबांनी रजिस्टर मिटलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. लाज वाटली त्यांना, अगदी मनापासून लाज वाटली. सत्तावीस वर्षांत किती जणांना सुनावलं होतं, की सही करण्याआधी वाचत जा म्हणून.

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला फोन केला. “तुझं चारशे चाळीस बरोबर. माझं चूक. लेखी हवं असेल तर लेखी देतो.” पलीकडे मेहुणा इतका घाबरला, की त्याने आधी बहिणीला फोन करून भाऊजींची तब्येत विचारली.

मग काटेसाहेबांनी पेडल चारशे चाळीसवर आणलं आणि पुन्हा कोणाला, विशेषतः स्वतःला, त्यात हात घालता येऊ नये म्हणून ते मागचं बटण सील करायचं ठरवलं. सरकारी शिक्का खासगी कामाला वापरणं शक्य नव्हतं. त्यांनी लाखेची कांडी आणली, बटणावर लाख ओतली, आणि छाप उठवण्यासाठी शर्टाच्या बाहीचं बटण तोडून दाबलं. चार भोकांचा सुरेख छाप उठला. सील तोडणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी बायकोलाही बजावून ठेवलं. “मी कशाला तोडतेय?” ती म्हणाली. “शर्ट तेवढा शिवायला टाका.”

वाढदिवसाच्या दुपारी सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीत तीसेक माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि कोपऱ्यात दाताचे डॉक्टर एक लहानसा ड्रम घेऊन. भिंतीशी तो उभा काळा पियानो, त्यावर सासऱ्यांचा फोटो. सासूबाई नवी साडी नेसून स्टुलावर बसल्या, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, “हं. ए देते. बघा.”

त्यांनी पट्टी दाबली. मेहुण्याने तार छेडली. काटेसाहेबांनी छेडली. गिटार आणि बेस एकमेकांशी बिनचूक जुळत होते. पियानोशी जुळत नव्हते. मेहुण्याने गिटार पेडलला जोडून तार पुन्हा लावली. हिरवा दिवा. काटेसाहेबांनी लावली. हिरवा. सासूबाईंनी पुन्हा पट्टी दाबली, आणि खोलीत कोणालाही कळलं असतं, की दोन्ही तारा वर आहेत आणि पियानो खाली.

सासूबाईंचा हात पट्ट्यांवरून मांडीवर आला.

“म्हणजे माझाच खाली आहे तर,” त्या म्हणाल्या. “गेल्या महिन्यात पियानो लावणारा येऊन गेला. म्हणाला, आजी, आपसात जुळवून देतो, पण आहे तिथेच. वर ओढला तर तारा तुटतील. जुन्या झाल्यात. मला एकटीला वाजवताना काही जाणवलंच नाही गं.” त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. “असू दे. तुम्ही दोघं वाजवा. मी ऐकते.” आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

बायकोने काटेसाहेबांकडे पाहिलं. नियमाने बघायचं तर प्रकरण सरळ होतं. पेडल तपासलेलं, सील केलेलं, बरोबर. पियानो जुना, खोटा, नापास. जुना आहे हे कारण चालत नाही, हे वाक्य काटेसाहेबांनी आयुष्यात हजारदा म्हटलं असेल.

“आई, थांबा,” ते म्हणाले. “झाकण नका लावू. तो ए पुन्हा द्या, आणि मी तार उतरवतो, तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू?”

“कुठे थांबायचं ते. तुमच्या कानाने.”

मेहुण्याने चमकून भाऊजींकडे बघितलं. सासूबाईंनी पट्टी दाबली. काटेसाहेब खुंटी पिळू लागले.

“अजून खाली. अजून. अहो, घाबरताय काय, पिळा. हं... जरा... बस्स! तिथेच.”

मग काटेसाहेब गुडघ्यावर बसले, पेडल उलटं केलं, खिशातून किल्ली काढली आणि आपल्या हाताने लावलेलं सील आपल्याच हाताने तोडलं. लाखेचे तुकडे गालिच्यावर पडले. तार छेडत छेडत त्यांनी आकडा खाली आणला. एकोणचाळीस, अडतीस, सदतीस, छत्तीस, आणि आणखी एक. हिरवा दिवा लागला.

“किती?” मेहुण्याने हळूच विचारलं.

“चारशे पस्तीस,” काटेसाहेब म्हणाले.

मेहुण्याला हसू फुटलं, पण त्यात टोमणा नव्हता. त्याने निमूटपणे मोबाइल खिशात टाकला आणि आपली गिटार भाऊजींच्या पेडलला जोडली. डॉक्टरांनी चार ठोके दिले. सासूबाईंनी सुरुवात केली, पहिल्या ओळीला एकदा अडखळल्या, पुन्हा पकडलं, आणि मग खाली न बघता, फोटोकडे बघत शेवटपर्यंत वाजवलं. मधे कोणी उठलं नाही. काटेसाहेबांची बायको मात्र रडत होती, आणि रडताना एका हाताने केकवरची मेणबत्ती पेटवत होती.

“बरं वाजवलंत,” सासूबाई केकपाशी येत म्हणाल्या. “गेल्या वर्षी बेसूर कोण होतं, सांगू?”

मेहुणा आणि काटेसाहेब दोघंही पुढे वाकले.

“दोघंही. एक वर, एक खाली. म्हणून दर रविवारी इकडे येत जा. बसवून घेईन तुम्हाला.” आणि त्या मेणबत्तीवर फुंकर मारायला वाकल्या.

“आई, एक मिनिट! फुंकू नका,” काटेसाहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून लाखेची उरलेली कांडी काढली, मेणबत्तीवर धरली, वितळलेली लाख पेडलच्या बटणावर ठिबकवली, आणि दुसऱ्या बाहीचं बटण तोडून त्यावर नीट दाबलं. चारशे पस्तीस. मग सील गार झालं की नाही ते बोटाने पाहून उठले.

“हं,” ते म्हणाले. “आता फुंका.”